नदीतळातील वस्तू आणि पुराव्याची चिकित्सा : थेम्सविषयक वाङ्मयाचे एक परीक्षण

१

नदीच्या पात्रात जुनी नाणी व जुन्या वस्तू शोधण्याचा उद्योग जितका जुना आहे, तितके त्याविषयीचे वाङ्मय जुने नाही. पोटासाठी गाळ चिवडणारा मनुष्य सापडलेल्या वस्तूविषयी लिहीत नाही. आणि लिहिणारा मनुष्य गाळात उतरू लागला तो पुष्कळ पुढे. इंग्लंडमधील थेम्स नदीचे उदाहरण या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. लंडन शहरातून वाहणाऱ्या तिच्या प्रवाहाकाठी गेली पावणेदोनशे वर्षे वस्तू शोधणारे, विकत घेणारे, संग्रह करणारे, फसविणारे आणि लिहिणारे असे सर्व प्रकारचे लोक वावरत आले आहेत. त्यांतून एक लहानसा परंतु विचारार्ह ग्रंथसंभार निर्माण झाला आहे. हेन्री मेह्यू यांचा ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ (१८५१; विस्तारित स्वरूपात १८६१-६२), आयव्हर नोएल ह्यूम यांचा ‘ट्रेझर इन द थेम्स’ (१९५६) आणि लारा मेक्लेम यांचा ‘मडलार्किंग’ (२०१९) हे त्यांपैकी तीन ठळक ग्रंथ होत.

तिन्ही ग्रंथांचे लेखक भिन्न प्रकृतीचे आहेत. मेह्यू हे पत्रकार. त्यांना नदीतील वस्तूंशी कर्तव्य नव्हते, त्या वेचणाऱ्या दरिद्री माणसांशी होते. नोएल ह्यूम हे लंडनच्या गिल्डहॉल संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ. नदीतील वस्तू त्यांना शहराच्या इतिहासाचे साधन वाटली. मेक्लेम या ललितगद्यलेखिका. त्यांच्या ग्रंथात वस्तू हे स्मरणाचे आणि कल्पनेचे निमित्त होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या तिसऱ्या ग्रंथाचा, आणि त्याच्या निमित्ताने एका तत्त्वाचा, विचार करावयाचा आहे. ते तत्त्व असे की, नदीत सापडलेली वस्तू आपल्या सौंदर्याने किंवा प्राचीनत्वाने पुरावा ठरत नाही. तिला पुराव्याचे स्थान चिकित्सेने प्राप्त होते. ही चिकित्सा तीन प्रश्नांची असते : वस्तू खरी आहे काय, ती नेमकी कोठे सापडली, आणि ती तेथे कशी आली. थेम्सविषयक वाङ्मयाची योग्यता या तीन प्रश्नांशी त्याने राखलेल्या इमानावरून ठरविली पाहिजे.

२

प्रथम स्थळाचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. थेम्स ही समुद्रापासून टेडिंग्टनपर्यंत भरती-ओहोटीची नदी आहे. लंडनजवळ पाण्याची पातळी मोठ्या भरतीच्या वेळी सुमारे सात मीटरपर्यंत चढते व उतरते. त्यामुळे दिवसातून दोन वेळा नदीचा काठालगतचा तळ काही तास उघडा पडतो. या ओहोटीपट्ट्यात शहराने दोन हजार वर्षे टाकलेला, सांडलेला आणि हरवलेला माल साठून राहिला आहे. गाळात हवेचा प्रवेश होत नसल्याने चामडे, लाकूड, शिसे, कथील यांसारखे पदार्थ तेथे आश्चर्यकारक रीतीने टिकतात. परंतु तोच पट्टा प्रत्येक लाटेने व प्रत्येक जाणाऱ्या नौकेने उठविलेल्या पाण्याने झिजत असतो. म्हणजे ही नदी एकाच वेळी वस्तू जपते आणि त्यांची जागाही बदलते. तिच्या या दुहेरी स्वभावातूनच पुढील सर्व प्रश्न उद्भवतात.

एकोणिसाव्या शतकात या पट्ट्यात उतरणाऱ्यांना ‘मडलार्क’ म्हणत. मेह्यू यांनी वर्णिलेले मडलार्क म्हणजे बहुधा लहान मुले आणि वृद्ध स्त्रिया. नौकांतून पडलेला कोळसा, लोखंडाचे तुकडे, दोरखंड, हाडे आणि मिळाले तर तांब्याचे खिळे वेचून ते विकणे, एवढाच त्यांचा व्यवसाय. आपल्याकडील झारेकऱ्याशी याचे नाते स्पष्ट आहे. सोनाराच्या दुकानापुढील धूळ व राख धुऊन तीतील सोन्याचे कण वेगळे काढणारा झारेकरी तो कण कोणत्या दागिन्याचा होता हे विचारीत नाही. त्याच्या लेखी सोन्याला वजन असते, इतिहास नसतो. मेह्यू यांच्या मडलार्काच्या लेखी तांब्याच्या खिळ्यालाही तसाच इतिहास नव्हता. या दारिद्र्याच्या वर्णनात मेह्यू यांनी वस्तूंना कोठेही मोठेपणा दिला नाही, हे त्यांच्या लेखनाचे नैतिक बळ होय. वस्तूपेक्षा हात महत्त्वाचा, हे त्यांनी जाणले.

नदीतील वस्तूला प्रथम इतिहास दिला तो चार्ल्स रोच स्मिथ यांनी. व्यवसायाने औषधविक्रेते असलेले हे गृहस्थ (१८०७-१८९०) लंडनचा जुना पूल पाडला जात असता व त्यानंतर नदीचा तळ खणून खोल केला जात असता मजुरांकडून वस्तू व नाणी मिळवीत राहिले. इतर संग्राहकही त्या काळी होतेच. रोच स्मिथ यांचे वैशिष्ट्य असे की, नाणी एका विशिष्ट रेषेत विपुल प्रमाणात निघतात, हे त्यांनी हेरले. रोमन नाण्यांचा हा समूह जुन्या पुलाच्या ओळीत सापडतो, त्या अर्थी रोमन काळातही तेथेच पूल असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. येथे नाण्याचे मोल त्याच्या धातूत नव्हते, त्यावरील सम्राटाच्या मुद्रेतही पुरते नव्हते. ते त्याच्या प्राप्तिस्थानात होते. हजारो नाण्यांपैकी कोणतेही एक उचलून पाहिले असता पूल दिसत नाही; सर्वांची स्थाने एकत्र मांडली म्हणजे तो दिसतो. १८५६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने दोन हजार पौंड देऊन त्यांचा संग्रह विकत घेतला. तथापि त्यांची खरी देणगी हा संग्रह नसून ती अनुमानपद्धती होय.

परंतु याच कथेला एक छाया आहे. नदीच्या तळातून उपसलेली पुष्कळशी वाळू व खडी अन्यत्र वाहून नेऊन काठावरच्या वाटांवर पसरण्यात आली, आणि त्या वाटांवरही पुढे रोमन नाणी सापडू लागली. त्या नाण्यांवरून कोणी तेथे रोमन वसाहत कल्पिली असती, तर ते अनुमान तर्काच्या दृष्टीने निर्दोष, पण वस्तुतः खोटे ठरले असते. प्राप्तिस्थान हा पुरावा आहे खरा. परंतु त्या स्थानाचाही स्वतःचा इतिहास असतो व तोही तपासावा लागतो.

३

स्थानाचा पुरावा नुसता चुकतो असे नाही, तो बनवताही येतो. १८५७ पासून लंडनमध्ये शिशाच्या विचित्र वस्तू मोठ्या संख्येने विक्रीस येऊ लागल्या. त्यांत यात्रेकरूंचे बिल्ले, पदके, लहान मूर्ती व पात्रे होती. शॅडवेल येथे चाललेल्या गोदीच्या बांधकामात त्या सापडल्या, असे विकणारे सांगत. हे विकणारे म्हणजे विल्यम स्मिथ व चार्ल्स ईटन हे दोन मडलार्क. इतिहासात ते ‘बिली आणि चार्ली’ या नावाने प्रसिद्ध आहेत. वस्तुतः त्या सर्व वस्तू ते प्लास्टरच्या साच्यांत स्वतः ओतीत. दोघेही निरक्षर असल्याने त्यांवरील अक्षरांना कोणत्याच भाषेत अर्थ नव्हता. काही वस्तूंवर अकराव्या शतकापासूनचे सन अरबी अंकांत घातलेले होते, वास्तविक इंग्लंडात ते अंक अशा प्रकारे पंधराव्या शतकापूर्वी रूढ नव्हते.

१८५८ मध्ये हेन्री सायर क्यूमिंग यांनी विद्वत्सभेत या वस्तू बनावट असल्याचे प्रतिपादिले, व ‘अथेनियम’ या नियतकालिकाने तो वृत्तान्त छापला. त्या विकणारे व्यापारी जॉर्ज ईस्टवुड यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. त्यात वस्तू खऱ्या आहेत अशी साक्ष देणाऱ्यांत स्वतः रोच स्मिथ होते. वृत्तान्तात ईस्टवुड यांचे नाव नसल्याने दावा फेटाळला गेला, परंतु वस्तूंच्या खरेपणाचा निर्णय तेथे झालाच नाही. १८६१ मध्ये चार्ल्स रीड यांनी त्या दोघांचे साचेच मिळवून दाखविले, तेव्हा विद्वानांपुरता हा प्रश्न मिटला. धंदा मात्र १८७० पर्यंत चालू राहिला.

या प्रकरणाचे वर्णन बहुधा गंमत म्हणून केले जाते. विद्वानांची फजिती लोकांना आवडते, आणि दोन निरक्षरांनी ती करावी यात एक प्रकारचा न्यायही वाटतो. परंतु संशोधनाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध अधिक कठोर आहे. रोच स्मिथ अज्ञानाने फसले नाहीत. ते आपल्या ज्ञानानेच फसले. नदीचा तळ अशा वस्तू देतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच ‘शॅडवेलच्या गोदीत सापडले’ हे वाक्य त्यांना पुरेसे वाटले. बिली व चार्ली यांनी खरोखर विकले ते शिसे नव्हे. त्यांनी प्राप्तिस्थान विकले.

कागदपत्रांच्या अभ्यासात बहिरंगपरीक्षा आणि अंतरंगपरीक्षा असा भेद केला जातो. पोथी कोठून आली, कोणाच्या दप्तरात होती, कागद कोणता, ही बहिरंगपरीक्षा. तिच्यातील भाषा, तिथी, नावे परस्परांशी जुळतात काय, ही अंतरंगपरीक्षा. एक परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून दुसरी माफ होत नाही. शॅडवेलच्या वस्तूंची बहिरंगपरीक्षा अनुकूल भासली म्हणून अंतरंगपरीक्षा शिथिल झाली. अन्यथा केवळ अंकांची लिपी पाहून हे प्रकरण पहिल्याच दिवशी निकालात निघते.

४

विसाव्या शतकात या क्षेत्रात एक नवे साधन आले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत्-चुंबकीय उपकरणाचा प्रयोग केला होता. दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी त्याच तत्त्वावरील यंत्रे वापरली गेली. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ही यंत्रे हौशी लोकांच्या हाती पडली. यंत्राच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून जाणाऱ्या बदलत्या प्रवाहाने जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्या क्षेत्रात धातू असल्यास तीत सूक्ष्म प्रवाह उमटतात, आणि त्यांचा परिणाम यंत्र आवाजाच्या रूपाने कळविते. निरनिराळ्या धातूंचा प्रतिसाद निराळा असल्याने नको असलेला धातू वगळण्याची सोयही त्यात असते. बहुतेक शोधक लोखंड वगळतात, कारण गंजलेले खिळे खणीत बसण्याची कोणाची इच्छा नसते.

ही सोय साधी दिसते, परंतु पुराव्याच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे. मातीला हात लागण्यापूर्वीच येथे निवड झालेली असते. अशा यंत्राने जमविलेल्या संग्रहात तांबे, चांदी, शिसे यांचे प्राबल्य असावे व लोखंड, हाड, लाकूड, खापर यांचा अभाव असावा, हे क्रमप्राप्त आहे. तो अभाव गतकाळाचा नसून यंत्राच्या कळीचा असतो. तेव्हा अशा संग्रहावरून ‘या काठी लोहारकाम नव्हते’ असे अनुमान काढणारा संशोधक नदीविषयी काही सांगत नाही. तो यंत्राविषयी सांगत असतो.

पुरातत्त्वज्ञांचा या यंत्राला आरंभी कडवा विरोध होता. १९७९ च्या कायद्याने ब्रिटनमधील संरक्षित स्मारकस्थळी अनुज्ञेवाचून ते वापरण्यास बंदी घातली. पुढे भूमिका बदलली. १९९६ चा निधिविषयक कायदा १९९७ मध्ये अमलात आला, आणि त्याच वर्षी सर्वसामान्य शोधकांच्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही योजना सुरू झाली. आज तिच्या नोंदसंग्रहात पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. थेम्सच्या ओहोटीपट्ट्यात शोध घेण्यास लंडनच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. २०१६ पासून केवळ डोळ्यांनी शोधणाऱ्यासही तो आवश्यक झाला. तीनशे वर्षांहून जुनी वस्तू सापडल्यास ती संग्रहालयाच्या नोंदणी-अधिकाऱ्यास दाखविणे हे परवान्याचे बंधन आहे. परवान्यांसाठी एवढी गर्दी झाली की, नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे परवाने देणे थांबवावे लागले व पुढे प्रतीक्षायादी करावी लागली.

यंत्राने ज्ञानात काहीच भर घातली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन समाजाला बालपणाची स्वतंत्र कल्पना नव्हती, असे मत मांडले. ते दीर्घकाळ प्रभावी ठरले. थेम्सच्या काठी हौशी शोधकांनी यंत्राच्या साहाय्याने जमविलेल्या शिसे-कथिलाच्या चिमुकल्या वस्तूंत अश्वारूढ योद्धे, भांडीकुंडी व सुरया होत्या. त्यांवरून जेफ ईगन यांनी दाखविले की, इ. स. १३०० च्या सुमारास लंडनमध्ये साच्यात ओतलेली स्वस्त खेळणी मोठ्या संख्येने तयार होत होती. जेथे खेळण्यांना बाजार आहे तेथे मूल हे मूल म्हणून ओळखले जात असले पाहिजे, हा युक्तिवाद सहज टाळता येण्यासारखा नाही. हेझल फॉरसाइथ व ईगन यांचा या वस्तूंचा सूचिग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र या यशाचे श्रेय केवळ यंत्राला देता येत नाही. नदीतून सुटी निघालेली वस्तू स्वतःचा काळ सांगत नाही. ट्रिग लेन, बिलिंग्जगेट इत्यादी ठिकाणी १९७० व १९८० च्या दशकांत जी उत्खनने झाली, त्यांत मध्ययुगीन काठाच्या लाकडी धक्क्यांच्या भिंती एकीपुढे एक उघड्या झाल्या. लाकडातील वर्षवलयांवरून त्यांचा काळ ठरविता आला. आणि त्या भिंतींमागे भरलेल्या कचऱ्यातील वस्तूंचाही काळ त्यामुळे निश्चित झाला. त्या स्थिर मोजपट्टीशी ताडून पाहिल्यावर नदीतील सुट्या वस्तू बोलू लागल्या. बिलिंग्जगेटच्या कामी उपसलेल्या मातीतील धातूच्या वस्तू वेचण्यास यंत्रधारी हौशी शोधकांचे साहाय्यही झाले. विरोध होता तेथे सहकार्य झाले, ते या मोजपट्टीच्या आधाराने.

या पार्श्वभूमीवर मेक्लेम यांच्या ग्रंथाकडे वळणे इष्ट होईल. शोधकांचे दोन वर्ग त्या करतात : यंत्र घेऊन वा खणून मागोवा घेणारे शिकारी, आणि केवळ दृष्टीने टिपणारे वेचक. स्वतः त्या दुसऱ्या वर्गातल्या. त्या यंत्र वापरीत नाहीत, खणीत नाहीत. गुडघे टेकून तळाचा थोडासा भाग तासन्तास न्याहाळीत राहतात. या न्याहाळण्याचे वर्णन हा ग्रंथाचा उत्तम भाग होय. गाळावरील रेषा, रंग आणि आकार यांतून मानवी हाताने घडविलेली वस्तू कशी वेगळी ओळखू येते, हे त्यांनी ज्या संयमाने सांगितले आहे तो संयम कोणत्याही अभ्यासकाला हेवा वाटावा असा आहे.

परंतु या भेदाला ग्रंथात जो नैतिक रंग येतो, तो तपासून घेतला पाहिजे. डोळा निर्लोभ व यंत्र लोभी, अशी समजूत वाचकाच्या मनात रुजते. वस्तुतः डोळाही निवडच करतो. तो चमकणारे, सममित आणि ओळखीचे तेच टिपतो. काळवंडलेले व आकारहीन ते सोडतो. यंत्राची निवड धातूची असते, डोळ्याची निवड रूपाची असते. पृष्ठभागावरून वेचणे हे खणण्यापेक्षा कमी हानिकारक आहे हे खरे. त्याचे कारण मात्र डोळ्याच्या शुचितेत नाही, पृष्ठभागाच्या अवस्थेत आहे. पृष्ठावर पडलेली वस्तू नदीने आधीच आपल्या स्तरातून उखडलेली असते. तिचा संदर्भ बव्हंशी गेलेलाच असतो. खाली असलेली वस्तू अद्याप आपल्या स्तरात असते, आणि नोंद न करता तिला बाहेर काढणे म्हणजे बांधलेल्या पोथीतून पान फाडणे. वाऱ्याने उडून आलेले पान उचलणे आणि पान फाडणे यांतील भेद हाताच्या हेतूचा नसून पोथीच्या स्थितीचा आहे. हा विवेक ग्रंथात पुरेसा स्पष्ट झाला असता, तर त्याचे विवेचन रुचीच्या पातळीवरून तत्त्वाच्या पातळीवर गेले असते.

५

आता तिसरा प्रश्न : वस्तू तेथे कशी आली? नदीतील वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि ललितलेखकाला सर्वांत मोह घालणारा. पाण्यात वस्तू पडू शकते, फेकली जाऊ शकते, अर्पण केली जाऊ शकते, कचऱ्यासह टाकली जाऊ शकते, अथवा अन्यत्र पडून प्रवाहाबरोबर येऊ शकते. चौकशीअंती वस्तू एकच, पण अर्थ पाच.

१८५७ मध्ये बॅटरसी येथे पुलाच्या कामाच्या वेळी नदीतून निघालेली लोहयुगीन ढाल याचे उत्तम उदाहरण आहे. पितळासारख्या झळाळीच्या काशाच्या पत्र्याचे हे नक्षीदार आच्छादन युद्धात टिकण्याजोगे नाही व त्यावर युद्धातील आघातांच्या खुणाही नाहीत. अशा अनेक मौल्यवान शस्त्रास्त्रांचा नद्यांतील आढळ एकत्र अभ्यासून रिचर्ड ब्रॅडली यांनी ‘द पॅसेज ऑफ आर्म्स’ (१९९०) या ग्रंथात जलार्पणाच्या प्रथेची मांडणी केली. येथे हेतूचे अनुमान आहे. परंतु ते एका ढालीकडे पाहून सुचलेले नाही. अशा वस्तूंचे प्रकार, संख्या व स्थाने यांच्या पुनरावृत्तीवर ते उभे आहे. मराठी वाचकाला अर्पणाची कल्पना अपरिचित नाही. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या हिंदू कुटुंबांनी थेम्सला गंगेच्या ठिकाणी मानून सोडलेले दिवे, यंत्रे व मूर्ती आज त्याच ओहोटीपट्ट्यात सापडतात. त्या जर पाचशे वर्षांनी कोणाला सापडल्या व प्रथेची माहिती लुप्त झालेली असली, तर त्या ‘हरवलेल्या’ म्हणून नोंदल्या जातील, आणि नोंद करणाऱ्याचा त्यात काही दोषही नसेल.

हेतू निश्चित कळतो असेही एक उदाहरण थेम्सकाठी आहे. मुद्रक टी. जे. कॉब्डन-सँडर्सन यांनी आपल्या डव्ह्ज मुद्रणालयाचा सुंदर टंक भागीदाराच्या हाती पडू नये म्हणून १९१६-१७ मध्ये रात्री-अपरात्री हॅमरस्मिथच्या पुलावरून नदीत टाकला. त्या शिशाचे वजन सुमारे एक टन होते. २०१४ मध्ये टंकरचनाकार रॉबर्ट ग्रीन यांनी पाणबुड्यांच्या साहाय्याने त्यांतील दीडशे खिळे वर काढले. मेक्लेम यांनीही हॅमरस्मिथच्या प्रकरणात ही कथा रंगवून सांगितली आहे. पण येथे हेतू कळला तो खिळ्यांवरून नव्हे. कॉब्डन-सँडर्सन यांनी तो आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवला होता. ती दैनंदिनी नसती तर दीडशे खिळ्यांनी एखाद्या नौकेतून सांडलेल्या मालापेक्षा अधिक काही सांगितले नसते. हेतूचे ज्ञान हवे असेल तर अशी स्वतंत्र साक्ष लागते, हा या घटनेचा धडा.

कायद्याने हा धडा आपल्या परीने घेतला आहे. इंग्लंडातील जुन्या नियमानुसार सोन्यारुप्याची वस्तू पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने पुरलेली असेल तरच ती राज्याची ठरे. केवळ हरवलेली असेल तर ठरत नसे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या अज्ञात माणसाच्या मनात काय होते, याचा निर्णय न्यायासनाला करावा लागे. १९९६ च्या कायद्याने हेतूची अट काढून टाकली व वस्तूचे वय, धातू आणि सहवास या तपासता येण्याजोग्या कसोट्या घातल्या. तीनशे वर्षांहून जुने, सोन्याचे वा चांदीचे असले तरी एक सुटे नाणे सहसा निधी मानले जात नाही. एकाच ठिकाणी दोन सापडली तर ती निधी ठरू शकतात. नाण्याचा अर्थ त्याच्या सोबत्यांत असतो, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे.

कायद्याने सोडलेला हेतू ललितगद्याने मात्र उचलून धरला. मेक्लेम यांच्या ग्रंथाची रचना नदीच्या ओघाने, टेडिंग्टनपासून मुखापर्यंत, एकेका स्थळाच्या नावाने केलेली आहे. प्रत्येक स्थळी एखादी वस्तू हाती येते. मग ती हाताळणाऱ्या अज्ञात व्यक्तीचा विचार, त्यातून शहराचा इतिहास, त्यातून लेखिकेचे स्वतःचे जीवन, असा क्रम चालतो. ही रचना वाचनीय आहे, आणि सामान्य माणसांचे सामान्य जिणे तिच्यामुळे वाचकाच्या मनात जागे होते, हे ऋण मान्य केले पाहिजे. राजे व लढाया यांच्या इतिहासाला जे साधले नाही ते एका टाचणीने येथे साधले आहे. लेखिका जुन्या वस्तू रीतसर नोंदीस देतात, हेही नमूद करणे न्याय्य होय.

तरीही दोन उणिवा राहतात. पहिली अशी की, ग्रंथात स्थळ मिळते, प्राप्तिस्थान मिळत नाही. स्थळ वातावरण देते. प्राप्तिस्थान मोजमाप देते. नेमकी जागा छापल्यास तेथे लुटारूंची झुंबड उडेल, हे व्यावहारिक कारण यामागे असू शकते व ते समजण्याजोगे आहे. परंतु मग त्या वस्तूवरून केलेली विधानेही त्या मानाने संयत असावयास हवीत. दुसरी उणीव अधिक खोल आहे. वस्तू कोणीतरी हरवली, हा एकच अर्थ ग्रंथात पुन्हापुन्हा गृहीत धरला जातो, कारण हरवण्यात करुणा आहे आणि कचरा फेकण्यात ती नाही. पण वर पाहिलेल्या लाकडी धक्क्यांमागील भरावावरून दिसते की, काठच्या मध्ययुगीन वस्तूंचा मोठा भाग कोणी रडतरडत शोधलेला ऐवज नसून शहराने टाकलेला केर होता. करुणरसासाठी इतिहासाला दिलेली ही सवलत लहान असली तरी तिची सवय लहान राहत नाही. बिली व चार्ली यांच्या गिऱ्हाइकांनाही वस्तूपेक्षा तिच्यामागची कथाच हवी होती.

६

यावरून ललितलेखनाने नदीकाठी जाऊच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेह्यू यांचे उदाहरण समोर आहे. जे दिसले तेवढेच सांगूनही त्यांचे लेखन हृदयाला भिडते. प्रश्न कल्पनेचा नाही. कल्पना जेथे सुरू होते ती सीमा वाचकाला दाखविण्याचा आहे.

सहवासाचे महत्त्व पटण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. पुनर्मुद्रित नाणे एकटे हाती आले असते, तर दोन राजांचा पूर्वापर क्रम फार तर कळला असता. पण इतकी नाणी एकत्र आणि त्यांतील एवढी पुनर्मुद्रित, ही घटना एका सत्तेचा चलनासह झालेला पाडाव सांगते. तोच निधी यंत्र घेतलेल्या पन्नास माणसांनी पन्नास दिवशी थोडाथोडा उचलून बाजारात नेला असता, तर चांदी तेवढीच राहिली असती, नाणीही तीच राहिली असती. इतिहास मात्र हातचा गेला असता.

नदीतळातील वस्तूंचा अभ्यासक सदैव सुट्या पानांशी व्यवहार करीत असतो. पाने कोणत्या पोथीची, त्यांचा क्रम काय, मधली किती गहाळ, हे त्याला ठाऊक नसते. अशा वेळी पानावरील अक्षर सुंदर आहे एवढ्यावर समाधान मानणे हे रसिकाला शोभेल, संशोधकाला नाही. रोच स्मिथ यांनी स्थानांच्या रांगेतून पूल पाहिला आणि त्याच रोच स्मिथ यांनी स्थानावर विसंबून शिशाचे खोटे बिल्ले खरे मानले, या दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या म्हणजे पुरे. वस्तूचा खरेपणा, तिचे स्थान आणि तिच्या येण्याची रीत, या तिन्हींची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. जेथे उत्तर मिळत नाही तेथे ती जागा रिकामी सोडणे, हेही त्या परीक्षेचेच अंग आहे. पाठचिकित्सक गहाळ अक्षराच्या जागी आपले अक्षर घालीत नाही. तो तेथे खूण करून पुढे जातो. थेम्सच्या वाङ्मयाला भाषेची, चिकाटीची आणि जिव्हाळ्याची वाण नाही. त्याला या खुणेची सवय लागणे अवश्य आहे.